कमानी स्टेडियममध्ये खो कोणी दिला?

मी आयुष्यभर ग्रंथपाल होतो. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत भुताखेतांची पुस्तकं मी विनोदी पुस्तकांच्या शेजारी लावायचो आणि कुणी विचारलंच तर ‘तिथेच जागा होती’ म्हणायचो. अशा माणसानं अनाकलनीय अनुभवांच्या या सदरासाठी लिहावं, हे माझं मलाच चमत्कारिक वाटतं. पण त्या दिवशी जे घडलं त्याचा दोष आणि श्रेय, दोन्ही लोक माझ्या नावावर टाकून मोकळे झाले आहेत. ते मला सहन होत नाही... म्हणून लिहितो आहे.

महाल भागातून बाहेर पडताना डाव्या हाताला एक जुनं स्टेडियम लागतं. मधे मातीचं मैदान, चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्यांची गॅलरी आणि त्यावर कमानींचं छत. त्याला सगळे ‘कमानी’ म्हणतात. माझी बायको निर्मला तिथे मुलींना खो-खो शिकवायची. मी कॉलेजमधून सुटलो की तिथेच जायचो आणि पश्चिमेच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसायचो. ती मैदानातून ओरडायची, “वाचनालय उघडलं का जी?” मुली हसायच्या. मी पान उलटायचो. आमचा संसार बराचसा असाच झाला.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. त्याच्या काही महिने आधीच कमानीला कुलूप लागलं होतं, कारण छताचे पोपडे पडू लागले होते. मग वाद सुरू झाला, पाडायचं की जपायचं. तिच्या मुली तेव्हापासून एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये सराव करतात. लग्नाची तारीख असली की तोही बंद.

शेवटच्या आजारपणात मी तिला पेपर वाचून दाखवायचो. एक दिवस म्हणाली, “पाडतीन तर पाडू द्या. ठेवतीन तर ठेवू द्या. पण माह्या पोरी कुठं पळतीन, हे आधी सांगा म्हणा त्याहीले.” मला हे वाक्य तेवढं पोहोचवायचं होतं. दुसरं काही नाही.

जनसुनावणी कमानीतच ठेवली होती, भर दुपारी. लोकांनी इमारत डोळ्यांनी पाहावी म्हणून. मैदानाच्या एका टोकाला निर्णय घेणाऱ्या समितीचं टेबल होतं. मधली माती मोकळी होती आणि खो-खोचे दोन लाकडी खांब अजून उभे होते. मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो. माझ्या पुढच्याच पायरीवर निर्मलाच्या जुन्या संघातल्या सात जणी बसल्या. आता पन्नाशीच्या बाया सगळ्या. कुणी बँकेत, कुणी शाळेत, आणि त्यांची कॅप्टन मंगला हुडकेश्वरला मेस चालवते. आठवी संगीता, भिवापूरहून येणारी. ती उशिरा आली आणि दूर उत्तरेच्या गॅलरीत सगळ्यात वरच्या पायरीवर बसली.

दोन तास मी ऐकत होतो. पाडणारे म्हणाले, इथे सहा मजली कॉम्प्लेक्स होईल. खाली दुकानं, तळघरात पार्किंग आणि चौथ्या मजल्यावर टाइल्सचं कोर्ट. जपणारे म्हणाले, या कमानी म्हणजे शहराचा वारसा आहे, इथे प्रदर्शन भरवू, कमानींखाली कॅफे काढू.

मंगला मागे वळून म्हणाली, “सर, टाइल्सवर सूर मारायचा म्हणे पोरींनं. दात कुठं ठेवायचे, कॅफेत?”

मला हसू आलं नाही. मला राग येत होता. जपणाऱ्यांच्या चित्रांतही कमानींखाली माणसं कॉफी पीत होती. धावत कुणीच नव्हतं.

माझं नाव पुकारलं गेलं. मी खाली उतरलो. मला मोठ्यानं बोलता येत नाही, लायब्ररीनं ती सवयच मोडली. माईकमधून शिट्टी वाजत राहिली. मी “माझ्या पत्नीचा एकच प्रश्न होता” इथपर्यंत आलो आणि अध्यक्ष म्हणाले, “आजोबा, भावना पोहोचल्या. वेळ संपली, बसा.” मी बसा म्हटल्यावर बसणारा माणूस आहे. पायऱ्या चढून वर आलो आणि बसलो. कागद हातात तसाच घडी घातलेला. समितीनं फायली आवरायला घेतल्या.

आता पुढचं नीट सांगतो.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी एका रांगेत बसतात. एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. नववी धावते. ती मागून येऊन पाठीवर थाप मारते, ‘खो’ म्हणते, आणि बसलेली ताडकन उठते. थाप पडल्याशिवाय उठलं तर फाऊल. निर्मलाचा पहिला धडा हाच असायचा. मुलींना दिवसच्या दिवस नुसतं बसवून ठेवायची आणि स्वतः मागून फिरत खो द्यायची. “डोळ्यानं नाही वं, पाठीनं ऐका,” म्हणायची.

तर, माझ्या अगदी पुढ्यात बसलेली मंगला एकदम पुढे झुकली आणि उठली. अशी, की गुडघेदुखीची बाई तशी उठूच शकत नाही. तिनं चपला काढल्या आणि मैदानाकडे चालू लागली. मग तिच्या शेजारची नाही, रांगेच्या टोकाची उठली. मग मधली. पुन्हा टोकाची. एकेक करून सातही जणी मैदानात उतरल्या आणि दोन खांबांच्या मधल्या रेषेवर जाऊन बसल्या, साड्या आवरून, उकिडव्या. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. एक जागा मधे रिकामी सोडलेली. मग उत्तरेकडून संगीता उतरली आणि त्या जागेवर बसली.

नववी कुठेच नव्हती.

“हे काय चाललंय? यांना कुणी सांगितलं?” अध्यक्ष विचारत होते. एक शिपाई मंगलापाशी गेला, “ओ ताई, उठा नं, साहेब बोलावून राहिले.”

मंगला त्याच्याकडे न बघता म्हणाली, “खो आल्याबिगर कशी उठू गा?”

लोक हसले. पण ती विनोद करत नव्हती... मी तिचा चेहरा पाहिला आहे.

साहेब लोक निघून गेले तरी त्या बसून होत्या. शेवटी एकीच्या पायात गोळा आला तेव्हा उठल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ‘माजी खेळाडूंचं अनोखं आंदोलन.’ फोटोत मैदानातल्या आठ जणींच्या मागे पायऱ्यांवर मी बसलेला, हातात कागद. सूत्रधार म्हणून माझंच नाव. पाडणाऱ्यांनी मला नाटकी म्हटलं, जपणाऱ्यांनी पुष्पगुच्छ पाठवला. तो मी परत केला.

कारण आम्ही काहीही ठरवलं नव्हतं.

त्या दिवशी बाहेर चहाच्या टपरीवर मी मंगलाला विचारलं होतं, “काय केलंत तुम्ही हे?”

“मी काय केलं सर? मी नाही उठली, मले उठवलं.” तिनं हात मागे नेऊन स्वतःच्या पाठीचा मधला भाग दाखवला. “इथं थाप पडली. तीन बोटं सपाट आन् एक टोचलं. आता ते बोट कोणाचं होतं, हे तुम्हाले मी सांगू?”

निर्मलाच्या उजव्या हाताची अनामिका तरुणपणी मैदानातल्या खांबावर आपटून मोडली होती. ती कधी सरळ झाली नाही. तिची थाप पडली की त्या बोटाचा सांधा टोचायचा. बाकीच्या सहा जणींनी मान हलवली. दोघी रडत होत्या.

माझे एक डॉक्टर मित्र म्हणतात, याला सामूहिक सूचना म्हणतात. दुःखात असलेली माणसं, ओळखीची जागा. एक उठली की दुसरीलाही तसंच वाटतं. मला हे पटलं असतं. मी स्वतः दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण संगीता त्या दिवशी चहालाही न थांबता भिवापूरची बस पकडायला गेली होती. रात्री मी तिला फोन केला. टपरीवरचं बोलणं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

“त्याहीले पाहून उठली नाही मी,” ती म्हणाली. “उन्हानं झापड आली होती, डोळे मिटले होते माहे. पाठीवर मॅडमचा खो पडला तशी उठली. ते टोचणारं बोट नाही का जी, तेच.” मग तिनंच विचारलं, “पण सर, मले एक समजत नाही. माही पाठ तर पिलरले टेकली होती. पाठीच्या अन् पिलरच्या मधात हात गेला कसा?”



आणि दुसरी एक गोष्ट मी कुणाशी नीट बोललो नाही. मंगला आणि बाकीच्या सहा जणी माझ्या पुढच्या पायरीवर होत्या. त्यांच्या पाठी माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर. मागून येऊन थाप मारायची तर उभं राहायला तेवढीच जागा होती. म्हणजे जी कुणी आली, ती माझ्या गुडघ्यांना लागून सात वेळा उभी राहिली असणार. मी टक्क जागा होतो. मला ना स्पर्श झाला, ना आवाज आला, ना नेहमीचा तो मातीचा वास. तिच्या मागे एकटा उरलेला मी, आणि मलाच काही कळलं नाही. याचा मला इतका संताप येतो, की कधी कधी त्या बायांशी बोलणंही नको वाटतं.

मंगलाला मी एकदा हे अर्धवट बोलून दाखवलं. ती डबे भरत होती. म्हणाली, “तुम्हाले कशी देईल खो? तुम्ही टीममध्ये होते का? तुम्ही तर वाचत बसून राहायचे.” मग माझं तोंड पाहून तिनं हात पुसले. “बसा नं सर. बसणाऱ्याले कधी ना कधी येतेच खो.”

समितीनं पुढची तारीख दिली आहे. कमानीला पुन्हा कुलूप आहे. पार्किंगमध्ये सध्या लग्नाचे मांडव आहेत, त्यामुळे मुलींचा सराव बंद. निर्मलाचा प्रश्न अजून कुणी ऐकलेला नाही. या खेपेला आठही जणींची नावं बोलणाऱ्यांत दिली आहेत, आणि शेवटचं माझं. वेळ संपली म्हणाले तरी या वेळी मी बसणार नाही.

त्या दिवशी नेमकं काय झालं हे शोधायला पुस्तकं धुंडाळली, त्यात काही मिळालं नाही. एवढंच झालं आहे की घरी वाचायला बसलो, की मी खुर्चीच्या कडेवर बसतो.

पाठ टेकवत नाही.