खर्चुडीची सोयरीक

तालुक्याच्या नव्या उद्यानात एक फलक आहे. 'दुर्मिळ खर्चुडी. स्थानिक लोकांनी कंद खाल्ल्यामुळे ही वेल नामशेष होत चालली आहे.' तो वाचला आणि माझं डोकंच फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

स्थानिक म्हणजे आम्ही. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर गुरांमागे जाणारं प्रत्येक पोर खर्चुडीचा कंद उकरून, परकराला नाहीतर चड्डीला पुसून, कच्चाच खायचं. मीही खाल्लेत, आणि गोड लागायचे. शेंग धरलेल्या वेलीला हात लावायचा नाही, एवढा आईचा दम असायचा. पुढच्या पावसात कातळावर वेली पुन्हा हजर. आमच्या दुधाच्या दातांनी कुठला डोंगर संपत नव्हता. त्याला जेसीबी लागतो, आणि तो पाड्यावर कुणाकडेच नव्हता.

खर्चुडीचं फूल म्हणजे बोटभर उंचीचा कंदील. आमच्या कातळावर तो पिवळट हिरवा. आईचं माहेर मुरबाड तालुक्यात, तिथल्या डोंगरावरच्या कंदिलाचा गळा मात्र गडद जांभळा. लहानपणी वाटायचं, मामाच्या गावची फुलं जरा नटवी आहेत. पुढे वनस्पतिशास्त्र शिकले, आता कॉलेजात तेच शिकवते, तेव्हा उलगडा झाला. या फुलात पराग नेते ती चिलटाएवढी माशी. दोन डोंगरांमधल्या दऱ्या, शेतं आणि रस्ते ओलांडणं तिच्या आवाक्याबाहेरचं. दोन्हीकडच्या वेली किती पिढ्या एकमेकींना भेटल्या नाहीत कोण जाणे. आमच्या कातळावर तर थोड्याच वेली उरल्यात, सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या. त्यांना हल्ली शेंगाही क्वचित धरतात.

उद्यानवाल्यांनी याच्यावर कडी केली. आमच्या कातळावरची एक वेल नेली, तिचेच तुकडे करून कुंड्यांमध्ये लावले, बाग भरली आणि जाहीर केलं की खर्चुडी वाचली. हारतुरे झाले. अहो, ती सगळी मिळून एकच वेल आहे! या वेलीला स्वतःचे पराग चालत नाहीत. बाग फुलांनी लगडते आणि शेंग एक धरत नाही. उद्या एखादा रोग आला तर सगळ्या कुंड्या एकदमच आडव्या होतील.

हे सांगायला मी उद्यानाच्या बैठकीला, तिथल्या मुख्य साहेबांसमोर गेले. म्हटलं, "साहेब, तुमच्या गावात भावकीत लग्नं लावतात का?" सगळे खो खो हसले. चहा आला. मग सेल्फी पॉइंट कुठे करायचा यावर बराच वेळ चर्चा झाली.

त्याच बैठकीत कळलं की मामाच्या गावचा डोंगर रस्त्याच्या मुरुमासाठी दिलाय, आणि पाऊस संपला की खोदाई सुरू. मी उठून उभी राहिले. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, फूल आपल्या बागेत सुरक्षित आहे ना." मी म्हटलं, मग निदान तिथले चार कंद तरी मला हलवू द्या. त्यावर उत्तर काय, तर वनस्पती संरक्षित आहे, कंद उपटणं गुन्हा आहे. आणि अख्खा डोंगर उपटला तर? त्याला रीतसर परवानगी आहे! आजही हे आठवलं की माझे कान तापतात.

फुलं तोडायची परवानगी मी मागितलीच नाही. भादव्यात डबा घेऊन मामाच्या गावचा डोंगर चढले, ओल्या फडक्यात तिथले जांभळे कंदील ठेवले आणि स्कूटीवरून तडक आमचा कातळ गाठला. परागांची इवलीशी गाठोडी सुईच्या टोकावर उचलून आमच्या हिरव्या फुलांत ठेवायची, तीही फुलाला बारीक खिडकी पाडून. बहुतेक फुलं गळून गेली. एका वेलीला मात्र शेंगांची जोडी धरली. बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडून जाऊ नयेत म्हणून मी तिला मलमलची पिशवी बांधली.

दिवाळीनंतर आई भावाला भेटायला माहेरी गेली. परत आली ती हातातली पिशवी ओसरीवर टाकून बसली. म्हणाली, "डोंगरच नाय गो तिथं. आमी कंद खायचो ती जागा कुठली, ती बी दाखवता येत नाय."

यंदाच्या पावसात बिया रुजल्या. पाड्यावरच्या घरामागे कुंड्यांमध्ये कोवळ्या वेली काठीला धरून वर चढताहेत. आई रोज पानं उलटून बघते आणि विचारते, "गळा कुनावर जाईल गं, आपल्यावर का माझ्या माहेरावर?" मला माहीत नाही. जांभळ्या गळ्याचं आता जगात जे काही उरलं असेल, ते या कुंड्यांत आहे.

माझ्या कुंड्यांची बातमी उद्यानापर्यंत पोचली असावी, परवा साहेबांचा फोन आला. उद्यानाला पाहुणे येणार आहेत, नवी जात आपणच तयार केली असं सांगता येईल, तर एक कुंडी द्या. फोटोपुरती. मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या आईने विचारलं, कोण आहे? मी फोनवर हात ठेवून सगळं सांगितलं.

"सांग त्याला," आई म्हणाली, "जेनी पोरीचं म्हायेर खनून नेलं, त्याच्या घरात आमी पोर नाय देयाची. हिरीत ढकलू, पन तिथं नाय."

मी हात काढला आणि तिचे शब्द जसेच्या तसे साहेबांना ऐकवले.