पानावर आडवा हात

काल पुतणीच्या लग्नात जिलबी वाढत मी पत्नीसमोर आलो, तेव्हा तिने पानावर तळहात आडवा धरला.

वजन उतरावे म्हणून डॉक्टरांनी तिला दर आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केले आहे. फ्रिजच्या दारात, विरजणाच्या वाटीशेजारी असलेल्या त्या सुईचा मला पहिल्या दिवसापासून तिटकारा आहे. भूक मारण्याला औषध म्हणणेच मला अभद्र वाटते. त्या रागातच मी म्हणालो, "एक तरी घे. माझी शपथ आहे."

"अहो, नको. खरंच मळमळतं."

"घे गं, नवऱ्याचा मान राख!" समोरून वहिनी हसत ओरडल्या.

तिने मान राखला. थोड्या वेळाने कार्यालयामागच्या नळापाशी ती ओकत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. चूळ भरून ती म्हणाली, "गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता हो. आता चढवतो. मला तेवढंच हवं होतं."

सुईचा तिटकारा अजून गेलेला नाही. पण ती निदान पत्नीच्या संमतीने तिच्या अंगात शिरते. प्रेमाच्या नावाखाली दुसऱ्याच्या पोटावर हक्क सांगणारा आमचा आग्रह मला आज त्या सुईहून विखारी वाटतो.

आज दुपारी जेवताना मी तिच्याजवळ वाकलो, तोच तिचा तळहात पानावर आडवा आला. मी तिची रिकामी वाटी उचलायला वाकलो होतो.