कापसाच्या ढिगातली काठी

फोन आला तेव्हा मी चुडावा स्टेशनवर परभणीच्या गाडीची वाट बघत होतो. सुगतच्या तुकडीतला मराठी जवान बोलत होता. दोन दिवस नवा बर्फ पडला, मग कडक ऊन पडलं, अन् उताराचा बर्फ गस्तीवर सुटला. तिघं गाडले गेले, दोघं निघाले. "आणि सुगत?" तो म्हणाला, "शोध चालू आहे..." गाडी येऊन निघून गेली, मी बाकावरच राहिलो.

सुगत माझा वर्गमित्र. शाळेत होळीपर्यंत त्याच्या अंगातला स्वेटर निघत नसे, आणि फौजेनं नेमकं त्यालाच बर्फात धाडलं. दैवाची थट्टा म्हणावी, तर दैव त्याला कबूल नव्हतं.

मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा भाव वाढेल म्हणून राखलेला कापूस त्यांच्या पुढच्या खोलीत आढ्याला टेकला होता. एवढ्या मऊ बर्फाखाली माणूस मरतो कसा, असं मी विचारलं. त्यानं ढिगाकडं बोट केलं. "खालचा दबून बसलाय. वरचा नवा. मधी कच्चा थर ऱ्हायला की वजनानं वरचं समदंच सुटतं. आन् थांबला की बर्फ सिमेंटावानी. बोट हलत न्हाई." मग ढिगात तांब्या पुरून त्यानं आईच्या, म्हणजे रमामावशीच्या, हाती लांब काठी दिली. बर्फात गाडलेला माणूस असाच हुडकायचा. रांगेनं खुपसत जायचं, एक हात जागा सोडायची न्हाई. मावशीला तांब्या लागला तशी ती पोरीसारखी हसली. तो म्हणाला, "आई, तांब्या कडक लागतो. माणूस मऊ लागतो."

बर्फातला शोध आता थांबवलाय. बर्फ वितळल्यावर पुन्हा बघू म्हणतात. कधी वितळणार, कुणी सांगत नाही. माझा संताप होतो, आणि तो काढायला माणूस सापडत नाही. भावकी म्हणते, गेला समजून पुण्यानुमोदन उरकून घ्या. मावशी एकच विचारते, "तोंड बघितल्याबिगर मेला कसं म्हणू?" धीर द्यायला जातो आणि माझाच सुटतो.

कापूस अजून तिथंच आहे. दारात आलेला व्यापाऱ्याचा टेम्पो तिनं परत पाठवला. परवा गेलो, तर मावशी काठी घेऊन ढिगापाशी उभी होती. त्यानं शिकवलं तसं रांगेनं खुपसत होती, एक हात जागा न सोडता. "मावशी, बस की जरा," मी म्हणालो. तिनं काठी पुढच्या जागी खुपसली.

"समदं मऊच लागायलंय रे... कुठं म्हणून उकरू?"