विसावी फेरी

आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणतात. अर्ध्या गल्लीचं हसू त्यांच्या हातचं आहे, पण स्वतः त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. वय पंचावन्न, चष्मा जाड, बोलणं मोजून. असा माणूस वर्षातून सहा रविवारी हेल्मेट घालून मोटारींच्या शर्यतीत उतरतो, यावर नवीन भाडेकरूंचा विश्वास बसायला मला पुराव्यादाखल त्यांना कवळीवाल्यांच्या मागच्या शेडपर्यंत न्यावं लागतं. तिथे जुनी दोन दारांची गाडी उभी असते. आतल्या सीटा काढलेल्या, ड्रायव्हरची तेवढी ठेवलेली. दारावर एकतीस नंबर.

क्लब हौशी लोकांचा. सोळा गाड्या. एक बेकरीवाला, एक गुरांचा डॉक्टर, बाकीचे असेच. पहिला नंबर ठरलेला, टायरच्या दुकानदाराचा. कवळीवाल्यांचा शेवटून दुसरा किंवा तिसरा, तोही कुणाची गाडी बंद पडली तर. सोमवारी सकाळी मी फाटकाशी उभा राहून विचारायचो, काल किती जणांना वाट दिलीत. त्यांना टोमणा लागत नाही हीच अडचण. ते शांतपणे सांगायचे की चौघांना दिली आणि पाचवा उगाच घाई करत होता.

वाट देण्यात मात्र त्यांचा हात धरणारा क्लबात कुणी नव्हता. मागून वेगवान गाडी आली की कडेला उभा असलेला माणूस निळं निशाण दाखवतो, म्हणजे बाजूला व्हा. कवळीवाले पहिल्याच निशाणाला असे बाजूला व्हायचे की टायरवाला म्हणायचा, यांना ओलांडताना दार उघडून ‘या, बसा’ म्हटल्यासारखं वाटतं. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ. बाकीच्यांनी त्यातलं बक्षिसांचं पान तेवढं वाचलेलं. यांनी मागे पडलेल्यांचे नियम वाचले होते, कारण ते सगळे यांच्याचबद्दल होते.

आता शर्यत वीस फेऱ्यांची. पण ती संपते पहिल्या गाडीच्या वीस झाल्या की. तिने रेषा ओलांडली की चौकटींचं निशाण हलतं, आणि मग मागून जो जो रेषेवर येईल त्याची शर्यत तिथेच आटोपते, त्याच्या किती का झालेल्या असेनात. टायरवाला दर वेळी चौदाव्या-पंधराव्या फेरीत कवळीवाल्यांना मागून गाठून पुढे जायचा. म्हणजे हे एक फेरी मागे. म्हणजे यांच्या एकोणीसच. अकरा वर्षांत या माणसाने विसावी फेरी मारलीच नव्हती. एकदा जेवताना ते बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, म्हणाले की मला नंबर नको, एकदा विसावी फेरी मारायची आहे. वहिनींनी हे मला सांगितलं आणि मी दोन दिवस हसत होतो.

गेल्या मोसमातली शेवटची शर्यत मी वहिनींबरोबर पाहिली. रेषेजवळ कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर आम्ही बसलो. वहिनी कागदावर फेऱ्यांच्या रेघा मारत होत्या. चौदाव्या फेरीत टायरवाला रीतसर आला, कवळीवाल्यांनी रीतसर वाट दिली. वहिनींनी कागद घडी करून ठेवला आणि पाण्याची बाटली उघडली. त्यांच्या लेखी शर्यत संपली होती.

पंधराव्या फेरीत लांबच्या वळणावर डॉक्टर बेकरीवाल्यावर आदळला. दोघांनाही खरचटलं नाही, पण दोन्ही गाड्या रस्त्याच्या मधोमध, आणि बेकरीवाला खाली उतरून डॉक्टरला हातवारे करून काहीतरी समजावत होता. अशा वेळी टपावर दिवे असलेली सेफ्टी कार निघते. पिवळा दिवा लागला की सगळ्यांनी तिच्यामागे रांगेत हळू चालायचं, कुणी कुणाला ओलांडायचं नाही. रांग लागली. सेफ्टी कार, तिच्यामागे टायरवाला, आणि त्याच्या मागे थेट आमचे कवळीवाले, नुकतेच ओलांडले गेलेले. त्यांच्यामागे दोन नंबरचा गडी दात ओठ खात बसलेला, कारण त्याच्या आणि पहिल्याच्या मध्ये हे कवळीचं दुकान.

यावर नियमात उपाय आहे. रस्ता मोकळा झाला की सेफ्टी कारवर हिरवा दिवा लागतो. मग जे एक फेरी मागे आहेत त्यांनी पहिल्या गाडीला आणि सेफ्टी कारलाही ओलांडून पुढे जायचं आणि पूर्ण वळसा घेऊन रांगेच्या शेपटाला लागायचं. गेलेली फेरी त्यांना परत मिळते. कवळीवाल्यांच्या वाट्याला हा दिवा कधी आला नव्हता. त्या दिवशी आला.

त्यांनी इंडिकेटर दिला. शर्यतीच्या गाडीत इंडिकेटर शाबूत ठेवणारे क्लबात ते एकटेच. मग टायरवाल्याला ओलांडलं, खिडकीतून हात काढून आभार मानले, सेफ्टी कारलाही तसंच. भिंतीवर बसलेले सगळे हसले. मीही हसलो. वहिनींनी कागदाची घडी उलगडली.

मागे पडलेले बाकीचे तिघे भरधाव वळसा घालून शेपटाला लागले. कवळीवाले फुटलेल्या काचांवरून जपून गेले. सेफ्टी कार कुणासाठी थांबत नाही. सतरावी फेरी सुरू होताना ती बाजूला झाली तेव्हा ते टायरवाल्याच्या पुढे जेमतेम पाव फेरी पोचले होते. राहिल्या चार फेऱ्या. टायरवाल्याने पुन्हा गाठलं की मिळालेली फेरी परत गेली.

वहिनी हिशेबाला पक्क्या. “फेरीला सहा सेकंद खातो तो. चार फेऱ्यांत चोवीस,” त्या म्हणाल्या. “अंतर बावीसच आहे.”

त्या पुन्हा रेघा मारायला लागल्या.

कवळीवाले त्या दिवशी बरे चालवत होते. तरी टायरवाला प्रत्येक फेरीला मोठा दिसू लागला. शेवटच्या वळणाआधी तो त्यांच्या मागच्या बंपरला लागून होता. निळं निशाण निघालं. मी मनात म्हटलं, झालं. पण एकतीस नंबरची गाडी आपल्या वाटेवरून हलली नाही. तिथून शेवटापर्यंत निशाणवाले दोनच होते, आणि शिक्षा तिसरं निशाण डावललं तर आहे, हे कलम क्लबात एकाच माणसाला माहीत होतं. टायरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दुसरंही निशाण गेलं. कवळीवाल्यांनी रेषा ओलांडली, तेव्हा चौकटींचं निशाण अजून खाली होतं. अर्ध्या गाडीच्या अंतराने टायरवाला आला आणि निशाण हललं.

म्हणजे कवळीवाल्यांना आणखी एक फेरी मारायची होती.

मी टाळ्या वाजवल्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

“भावजी, पेट्रोल एकोणीस फेऱ्यांचंच भरलंय.”

जी फेरी मारायचीच नाही तिचं वजन कशाला वाहायचं, हा कवळीवाल्यांचा हिशेब. कवळ्यांच्या प्रयोगशाळेतल्या मापाने मोजून वहिनीच टाकी भरायच्या. सेफ्टी कारमागे हळू चालल्यामुळे थोडं वाचलं असणार. किती, ते टाकीलाच ठाऊक.

बाकीच्या गाड्या एकेक करून आत आल्या, इंजिनं बंद झाली. मैदानात एकाच गाडीचा आवाज राहिला. ते सावकाश चालवत होते. नंतर त्यांनी सांगितलं की त्या फेरीत आरशात पहिल्यांदाच कुणी नव्हतं, आणि लांबच्या वळणामागे कालवा आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

शेवटच्या वळणावर इंजिन खोकलं. गाडी गडगडत आली आणि रेषेपासून चाळीसेक पावलांवर थांबली. निशाणवाला निशाण हातात घेऊन वाकून उभा. लोक ‘ढकला’ म्हणून ओरडायला लागले. टायरवाला, आत्ताच शिव्या देत होता तो, हेल्मेट टाकून पळत गेला आणि मागे हात लावायला वाकला.

कवळीवाल्यांनी काच खाली केली. “हात लावू नका. ढकललेली गाडी बाद धरतात.”

“मग काय करणार?”

“निशाण अजून पाच मिनिटं असतं. बसतो.”

टायरवालाही शेजारी रस्त्यावर बसला. पाच मिनिटांनी निशाणवाल्याने निशाण गुंडाळलं. फलकावर लागलं: एकतीस नंबर, चौदावा, फेऱ्या एकोणीस.

 घरी येताना वहिनी म्हणाल्या, “पुढच्या वेळी वीसचं भरते.”

ते म्हणाले, “भर.”

तेव्हापासून वीसचं भरतात. हिरवा दिवा पुन्हा लागलेला नाही. टायरवाला चौदाव्या फेरीत येतो, हे पहिल्या निशाणाला वाट देतात, एकोणीस होतात. मग वहिनी टाकीखाली डबा लावतात आणि उरलेली फेरी काढून घेतात.