मार्थाबाईंच्या हातची भाकर

मार्थाबाईंशी माझी ओळख झाली ती त्यांनी मला खोलीबाहेर काढले त्या दिवशी. चामोर्शीच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच मुख्याध्यापिका म्हणून आले होते. वसतिगृहातली एक मुलगी हिवतापाने फणफणली होती आणि मी तिच्या उशाशी उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होते. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई पिशवी घेऊन आल्या. त्यांनी पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी जरा बाहेर बसा. पोरीले तापापेक्षा तुमचा आवाज जास्त लागून राह्यला." नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या मला तोवर असे कोणी बोलले नव्हते. मी निमूट बाहेर जाऊन बसले.

तिथून मी त्यांना कुनैन पाजताना पाहिले. "आ कर माय" म्हणताना त्या स्वतःच मोठा आ करीत. पुढे कितीतरी रोग्यांपाशी त्यांना पाहिले, ही सवय कधी सुटली नाही. ढिवर मोहल्ल्यात बाळंतिणीला पेज भरवतानासुद्धा बाळंतिणीच्या आधी मार्थाबाईंचे तोंड उघडे. बाया हसत. "हसा," त्या म्हणत, "पण गिळा."

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी सत्कार समितीने मला त्यांच्या सेवेविषयी लिहायला सांगितले आणि "ती भानगड" वगळावी अशी सूचना केली. ही सूचना वाचून मी थक्क झाले. ज्या गोष्टीत हे माणूस खऱ्या अर्थाने दिसले तीच वगळायची, तर मग मी काय बाईंच्या पिशवीचे वर्णन करू?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आम्हा कॅथलिकांची श्रद्धा अशी की मिस्सेत, म्हणजे आमच्या उपासनेत, फादरांच्या हातची ती पातळ, पांढरी भाकर ख्रिस्ताचे शरीरच होते. मध्यरात्रीपासून उपास करून आम्ही ती जिभेवर घेतो. मार्थाबाईंची मंडळी, म्हणजे त्यांचे चर्च, प्रोटेस्टंट. त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस प्रभूच्या स्मरणार्थ घेतात. त्यांच्या मेजाशी आम्ही जायचे नाही आणि आमच्या वेदीशी त्यांनी यायचे नाही. हा नियम मला सिस्टरांनी शिकवला आणि तो मी आजही मानते. माझा राग नियमावर नाही.

चामोर्शीत कॅथलिकांची घरे थोडी. चांद्याहून फादर दौऱ्यावर येत, तेव्हा शाळेच्या ओसरीवर मिस्सा होई आणि पांढरे कापड घातलेल्या बाकापुढे आम्ही गुडघे टेकत असू. अशाच एका दौऱ्याच्या वेळी आमच्यातल्या आग्नेसआजी लांब तापातून नुकत्याच उठत होत्या. फादर घरी येतो म्हणाले तरी त्यांचा हट्ट, "खाटेवर नाई घेणार. गुडघ्यावर घेईन, नाई तं नाई." गुडघे टेकवतील पण धरील कोण? मार्थाबाई आल्या. आजींच्या कमरेला हाताचा विळखा घालून त्याही शेजारी गुडघ्यावर बसल्या.

मी त्यांच्या मागेच होते. फादर लॅटिन पुटपुटत ओळीने आले. आजींच्या जिभेवर त्यांनी ख्रिस्तशरीर ठेवले, आणि आजी ओठ मिटेनात. मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "गिळा माय, आ, असं," आणि सवयीने स्वतः आ केला. फादर गावात नवे, नजर हातातल्या भांड्यावर. समोर उघडे तोंड दिसले, त्यांनी त्यातही ठेवले आणि पुढे गेले.

मार्थाबाई क्षणभर तशाच राहिल्या. मग तोंड मिटले, डोळे मिटले आणि गिळले.

मिस्सा संपताच त्या स्वतः फादरांकडे गेल्या. "फादर, मी तुमच्यातली नाई. मायले गिळाले सांगत होतो, तुमी माह्याच तोंडात घातलं." फादर लालबुंद झाले. चूक माझी, असे ते म्हणाले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करते. पण आमच्यातल्याच बाया पाण्यावर जाता-येता बोलू लागल्या की प्रोटेस्टंट नर्स चोरून खाऊन गेली. ज्यांची बाळंतपणे तिने केली त्या बाया. मी त्यांना काय सुनावले ते या ग्रंथाच्या भाषेत बसणार नाही.

त्यापुढचे अधिक धक्कादायक. मार्थाबाईंच्या मंडळीच्या पंचांनी त्यांना बोलावले. आम्हाला त्यांच्या देवळात पाय ठेवायची मनाई, म्हणून मी खिडकीबाहेर उभी राहिले. पंचांचे प्रमुख दाऊदभाऊ, जंगलखात्यातले निवृत्त गार्ड, म्हणाले, "बाई, थुंकून काऊन नाई टाकलं?"

"भाऊ, कोणाच्या देवघरात तुमी थुंकता का?"

मागून कोणी विचारले, "चव तरी कशी लागली?"

"तुमच्या तापात मी पाजलेल्या कुनैनपेक्षा बरी."

हशा पिकला, पण दाऊदभाऊ हसले नाहीत. "एवढंच म्हणा मंडळीपुढं, का ते नुसतं पीठ होतं. मिटलं."

"मी काऊन म्हणू?"

"मंग काय होतं ते?"

"ते तुमी अन् फादर बसून ठरवा. ते आपलं नाई, मले ठाऊक हाये. चुकून झालं, ते मी दहादा म्हणीन. पण ती म्हातारी त्याच्यासाठी उपाशी राहून, तापातून उठून गुडघ्यावर आली. तिच्यापुढं मी त्याले पीठ नाई म्हणणार."

पंचांनी ठरवले की ते पीठ होते असे म्हणेपर्यंत मार्थाबाईंना प्रभूच्या मेजाशी जागा नाही.

आता वाचकांनी जरा सावरून बसावे. त्या मेजावरची भाकर कोण करते? मार्थाबाई. गावात पाव मिळत नाही, म्हणून वर्षानुवर्षे त्या स्वतःच गव्हाची जाड भाकर भाजतात, तिचे तुकडे करतात, मनुका उकळून रस गाळतात. बंदी घातल्यावर पंचांनी दुसरे कोणी पाहिले का? नाही. पहिल्या रविवारी सकाळी फडक्यात झाकलेली भाकर बाईंकडूनच गेली, आणि आजही जाते. त्या शेवटच्या चटईवर बसतात आणि ताट त्यांच्यापाशी येऊन वळते. मी हे खिडकीतून पाहिले नसते तर कोणी सांगून विश्वास ठेवला नसता. ज्या हातांची भाकर चालते त्या हातांवर तिचा एक तुकडा ठेवायला चालत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते ते दाऊदभाऊंनी मला समजावून सांगावे.

मी बाईंना एकदा चिडून विचारले, "करता कशाला मग? राहू द्या त्यांना उपाशी."

"दुसऱ्याची कच्ची राह्यते बाई."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

पिशवीत बाटल्या भरता भरता त्या थांबल्या. "वाटते ना. ज्या दिवशी ताट माह्यापासून वळते, त्या दिवशी घरी येऊन जेवण जात नाई मले." एवढे बोलून त्या कोणाच्या तरी जखमेची पट्टी बदलायला निघून गेल्या. त्याच आठवड्यात दाऊदभाऊंच्या सुनेचे बाळ आडवे आले होते. मार्थाबाई तिच्यापाशी दोन रात्री बसल्या आणि बाळ-बाळंतीण दोघे सुखरूप आहेत.

अशा बाईंचा सत्कार होतो आहे याचा मला मनापासून आनंद आहे. समितीचे अध्यक्ष दाऊदभाऊच आहेत, हे कळल्यावर मात्र मी निमंत्रणपत्रिका दोनदा वाचली. सत्कार शनिवारी आहे. शाल तेच घालणार आहेत आणि बाईंच्या त्यागावर चार शब्दही तेच बोलणार आहेत. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार आहे.

दाऊदभाऊ, हा ग्रंथ शनिवारी तुमच्या हाती पडेल, तेव्हा तुमच्यापाशी एक रात्र असेल. मी परक्या मंडळीची, मला तुमच्या मेजाचा अधिकार नाही आणि मी तो मागतही नाही. मार्थाबाईंना आहे. ईश्वराने त्यांना उदंड आयुष्य द्यावे, पाय चालते ठेवावेत, नजर शाबूत ठेवावी, अशी प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील. माझीही तीच आहे. फक्त त्याआधी त्याने एवढे करावे, की या रविवारी दुपारी त्यांना जेवण जावे.