सोळा तासांवरची लेक

शेजारच्या कुसुमताई सकाळपासून मोबाइल खाली ठेवत नव्हत्या. पडद्यावरच्या नकाशात एक इवलंसं विमान मुंगीच्या चालीनं सरकत होतं, आणि त्यात त्यांची लेक मीनल बसली होती.

"सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, तेरा हजार किलोमीटरच्या वर! सोळा तास!" त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मीही तिसऱ्यांदा "बाई गं!" म्हटलं.

"तुमच्याकडे भाकरी असेल ना? एक तुकडा द्या. मीनल दारात आली की ओवाळून टाकते. आमच्याकडे रोज पोळ्याच."

मी शोधून करपलेल्या कडेचा तुकडा दिला.

"तुमचं बरंय हो," जाताना त्या म्हणाल्या, "सुहास पुण्यातच. मनात आलं की येईल."

साताऱ्याहून पुणं म्हणजे एसटीनं तीन तास. माझा मुलगा गेल्या गणपतीत येऊन गेला, त्याला आता वर्ष होईल. लांबच्या माणसाची वाट बघण्यात केवढा मान असतो! सगळी आळी विचारते, कुठवर आली? तीन तासांवरच्या माणसाची वाट मात्र चोरून बघावी लागते.

संध्याकाळी त्यांच्या दारात गाडी थांबली. मीनलवरून ओवाळलेला माझ्याच भाकरीचा तुकडा माझ्या फाटकाशी येऊन पडला. मी खिडकी लावून घेतली. उरलेल्या भाकरीवर झाकण ठेवताना वाटलं, सुहासनंही तिकडंच जावं, सोळा तासांवर. मग तरी तो येईल.