पाव्हनीचं नाव

भाईंदरजवळच्या राई गावातल्या पुष्पलताकाकी बोलायला फटकळ. समोर भाजीवाला असो की नगरसेवक, त्यांना भीड माहीत नाही. पण एक शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. कुणाच्या अंगावर फोड किंवा पुरळ उठलं की त्या आवाज खाली आणून म्हणत, "पाव्हनी आलीय." त्यांचा धाकटा भाऊ असल्याच तापात गेला होता. दारात कुणीतरी रोगाचं नाव घेतलं म्हणून देवी कोपली, असं आजीनं तेव्हा सांगितलं. ते काकींच्या मनात रुतून बसलं.

त्यांची सून सलोनी नागपूरची. काकींचा मुलगा भावेश आणि ती मीरा रोडच्या पूनम सागरला राहत. तिला सातवा महिना लागला होता, तेव्हा काकींचा फोन आला.

"मी चांदणीकडं हाय. तिच्याकडं पाव्हनी आलीय. मी काय चार दिवस यायची न्हाय."

चांदणी म्हणजे सलोनीची नणंद. तिच्याकडे पाहुणी आलीय आणि आपण गेलो नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून सलोनीनं मिठाई घेतली आणि रिक्षानं मुर्धा गावातलं चांदणीचं घर गाठलं. दाराला कडुलिंबाची डहाळी होती. इकडची पद्धत असेल, तिला वाटलं. चांदणीची छोटी दिशा धावत येऊन मामीच्या मांडीवर चढली. तिच्या गालावर दोन-चार फोड होते. भाईंदरचे डास, दुसरं काय!

काकी मागच्या दारी पाणी तापवत होत्या. त्या आत आल्या आणि जागीच थबकल्या.

"तू कशाला आलीस गं इथं?"

"आई, तुम्हीच म्हणालात ना, पाहुणी आलीय. कुठाय ती?"

"ती काय! पोरीच्या अंगावर बसलीय!"

त्याच संध्याकाळी सलोनी, भावेश आणि काकी दवाखान्यात होती. सलोनीच्या डॉक्टर मिनल मॅडम गुजराती, पेशंटशी हिंदीतच बोलायच्या.

"बच्ची को क्या हुआ है?"

"पाव्हनी आलीय," काकी म्हणाल्या.

"मेहमान? माँजी, मेहमान का नहीं, बीमारी का नाम बताओ."

गावात गोवरालाही पाव्हनीच म्हणतात. मॅडमना नेमकं कळायला हवं होतं, कारण दोन्हींचं इंजेक्शन वेगळं आणि उशीर करून चालणार नव्हतं. सलोनीला लागण झाली तर तिच्या फुप्फुसांना त्रास होऊ शकत होता, कळा वेळेआधी सुरू होण्याचीही भीती होती. भावेशनं चांदणीकडे फोटो मागितला. "आई ओरडेल रे, या दिवसांत फोटो काढत न्हायत," म्हणून तिनं फोनच ठेवला.

"आई, बोल ना! तू पाहिलंयस तिला!"

काकींनी पदर तोंडाशी धरला. नाव घ्यावं तर तिकडे दिशा. न घ्यावं तर इकडे पोटातलं.

काकींनी डोळे मिटले. "कांजण्या," त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "गोवर न्हाय. कांजण्या. पाण्यानं भरलेल्या."

सलोनीला लहानपणी कांजण्या झालेल्या नव्हत्या, हे रक्ताच्या तपासणीत कळलं. इंजेक्शन मीरा रोडला मिळेना, भावेशनं ते मुंबईहून आणलं. "इससे खतरा कम होगा, खत्म नहीं," मॅडमनी बजावलं. मग वाट बघणं सुरू झालं. काकी सकाळ-संध्याकाळ फोन करत.

"अंगावर काय?"

"काही नाही, आई."

एका दुपारी सलोनीचाच फोन आला. "आई, पोट कडक होतंय. थांबतं, परत होतं."

काकी धावतच हॉस्पिटलला पोचल्या. आत सलोनीला सलाईन लावलेलं. बाहेर बाकावर काकी तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, "आये, नाव मी घेतलंय. रागवायचं तर माज्यावर रागव. पोरांना हात लावू नको."

अंधार पडता पडता मॅडम बाहेर आल्या. "रुक गया. बच्चा अंदर ही है, ठीक है."

दिशाच्या खपल्या वाळून पडल्या. काकींनी दहीभाताचा नैवेद्य दाखवून पाव्हनीची पाठवणी केली. सलोनीच्या अंगावर शेवटपर्यंत एकही फोड उठला नाही. तिचा निकेत पूर्ण दिवसांचा जन्मला.

यंदा राईत काकींच्या शेजारच्या दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. गल्लीतली पोटुशी उर्मिला हातात वाटी घेऊन त्या दाराकडे निघालेली काकींनी पाहिली.

"उर्मिला, थांब तिथंच! त्यांच्याकडं पाव्हनी..." काकी अडखळल्या. मग त्या गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडल्या, "कांजण्या हायत!"